जुनी भावगीतं ऐकायची कशी? पहिल्यांदाच ऐकणाऱ्यांसाठी

माझ्या मावशीकडे एक दोनशे पानी वही आहे. खाकी कव्हर, कोपरे झिजलेले. शाळेत असताना रेडिओवर ‘आपली आवड’ हा फर्माइशी गाण्यांचा कार्यक्रम लागला की ती ही वही आणि पेन्सिल घेऊन रेडिओखाली बसायची. गाणं तीन मिनिटांचं, एकदाच लागणार, आणि लिहायचा हात गाण्याइतका पळत नाही. मग जे शब्द निसटले तिथे ती टिंबं टिंबं काढून ठेवायची. तेच गाणं पुन्हा लागायला कधी आठवडा जायचा, कधी दोन महिने. लागलं की टिंबांवर शब्द भरायचे. त्यामुळे त्या वहीत एकाच ओळीत अर्धी पेन्सिल आणि अर्धी निळी शाई दिसते.

ही वही मी पहिल्यांदा हातात घेतली तेव्हा पंचवीस वर्षांची होते. तोवर जुनी मराठी गाणी मला संथ वाटायची. आईबाबांच्या पिढीची, दिवाळी पहाटेला वगैरे ठीक आहेत, अशी माझी समजूत. त्या दिवशी मावशीच्या अक्षरातली एक कविता वाचली, मग ते गाणं फोनवर लावलं आणि संपेपर्यंत हलले नाही. आधी हेच गाणं मी शंभरदा कानांवरून जाऊ दिलं होतं. भाजी चिरताना, बसमध्ये, झोप येईपर्यंत. ऐकलं मात्र एकदाही नव्हतं.

हा लेख तेव्हाच्या माझ्यासारख्यांसाठी आहे. ज्यांचे कान ठेक्यावर वाढले, ज्यांना पाडगावकरांचं नाव पाठ्यपुस्तकातून माहीत आहे पण गाण्यातून नाही, किंवा जे महाराष्ट्राबाहेर वाढले आणि ज्यांची मराठी घरापुरतीच राहिली, त्यांच्यासाठी. हिंदी सिनेमाची जुनी गाणी हा वेगळा प्रांत आहे. इथे फक्त मराठी भावगीत.

आधी एवढं माहीत असू द्या

भावगीत म्हणजे मुळात कविता. ती चालीत बसवून एका आवाजात गायलेली. ना. घ. देशपांडे हे विदर्भातल्या मेहकरचे कवी. त्यांची ‘रानारानांत गेली बाई शीळ’ ही कविता जी. एन. जोशींनी गायली आणि ती तबकडी, म्हणजे ग्रामोफोनची रेकॉर्ड, घरोघरी पोचली. भावगीताची गोष्ट बहुतेक जण तिथूनच सुरू करतात. पुढे गजाननराव वाटव्यांनी पेटी घेऊन पुण्यातल्या गणेशोत्सवात रस्त्यावरच्या गर्दीसमोर कविता गायल्या. मग आकाशवाणी आली, सुधीर फडके, वसंत प्रभू, दशरथ पुजारी, श्रीनिवास खळे, यशवंत देव, हृदयनाथ मंगेशकर असे संगीतकार आले. यशवंत देव या गायनाला ‘शब्दप्रधान गायकी’ म्हणत. ते दोन शब्द लक्षात ठेवा, पुढचं सगळं त्यावर उभं आहे. या गाण्यात शब्द पुढे चालतो आणि सूर त्याचा हात धरून मागून येतो. आपण आज ठेका ऐकायला बसतो आणि ठेका तर इथे मुद्दाम मागे ठेवलेला असतो. म्हणून ‘संथ’ वाटतं.

पायरी पहिली: यादी शोधू नका, माणूस शोधा

‘अजरामर १०० मराठी गाणी’ अशी यादी लावून बसलात तर बाराव्या गाण्याला कंटाळाल. त्यापेक्षा घरातल्या, शेजारच्या साठीपुढच्या माणसाला विचारा. ‘तुम्हाला कुठलं गाणं आवडतं’ असं विचारलंत तर ‘तशी सगळीच छान आहेत’ एवढंच उत्तर मिळेल. ‘तुमच्या घरी रेडिओ कधी आला? त्यावर काय लागायचं?’ असं विचारा. ‘लग्नाआधी काय गुणगुणायचात?’ विचारा. मग माणसं बोलतात. माझ्या आत्तेसासूबाई एरवी चार वाक्यांच्या पुढे जात नाहीत. त्यांनी या एका प्रश्नावर मला वीस मिनिटं शाळेच्या स्नेहसंमेलनाबद्दल सांगितलं आणि मग मध्येच थांबून अख्खं कडवं म्हणून दाखवलं.

असं कुणी जवळ नसेल तर माझ्याकडून एक गाणं घ्या, ‘शुक्रतारा, मंद वारा’. कविता मंगेश पाडगावकरांची, संगीत श्रीनिवास खळ्यांचं, आवाज अरुण दाते आणि सुधा मल्होत्रा. सुरुवातीला हेच का? दोन आवाज आळीपाळीने येतात, त्यामुळे कान भरकटत नाही. शब्द सोपे आहेत. आणि अरुण दाते, हे इंदूरचे, प्रत्येक अक्षर इतकं स्वच्छ ठेवतात की मराठी कच्ची असली तरी अडत नाही.

आठवड्याला एकच गाणं. याबाबतीत मी हट्टी आहे. एका बैठकीत दहा ऐकलीत तर सगळ्यांतला चंद्र आणि सगळ्यांतलं चांदणं एकमेकांत मिसळून जातं.

पायरी दुसरी: मूळ ध्वनिमुद्रण मिळवा

इथे नवखे हमखास फसतात. गाण्याचं नाव शोधलं की दहा आवृत्त्या समोर येतात. कुणी रिअॅलिटी शोमध्ये गायलेलं, कुणी मागे ऑक्टोपॅड आणि की-बोर्ड लावून नव्याने केलेलं, कुणी रिमिक्स केलेलं. त्यातली काही चांगलीही असतात, पण सुरुवात त्यांच्यापासून करू नका.

ओळखायची एक सोपी खूण म्हणजे वेळ. ७८ आरपीएमच्या दहा इंची तबकडीच्या एका बाजूवर साधारण सव्वातीन मिनिटंच मावत. त्यामुळे त्या काळातलं गाणं सहा मिनिटांचं दिसलं तर ते बहुधा नंतरचं किंवा कार्यक्रमातलं आहे. पुढे एलपी, म्हणजे जास्त वेळ वाजणाऱ्या तबकडीच्या काळात ही अडचण राहिली नाही, तेव्हा वेळ हा काही पक्का पुरावा नव्हे, पण पहिली चाळणी म्हणून चालतो. मग गायकाचं नाव पाहा. संगीतकाराचं नाव लिहिलंच नसेल तर जरा सावध व्हा. ‘आठवणीतली गाणी’ या संकेतस्थळावर शब्द, कवी, संगीतकार, गायक आणि बऱ्याच ठिकाणी रागही दिलेला असतो. तिथे ताळा करून घ्या.

हेडफोन वापरत असाल तर बेस वाढवणारं सेटिंग बंद करा. ही जुनी ध्वनिमुद्रणं मोनो आहेत, दोन्ही कानांत एकच येतं आणि त्यात खालचे सूर फारसे नाहीतच. बेस वाढवला की तबला ढब्ब वाजतो आणि आवाज त्याच्यामागे झाकला जातो. खरं तर एक साधा लहान स्पीकर टेबलावर ठेवून ऐकणं मला सगळ्यांत बरं वाटतं. खरखर असेल तर असू द्या. दुसऱ्या कडव्यापर्यंत कान ती सोडून देतो.

पायरी तिसरी: गाणं लावण्याआधी शब्द मोठ्याने वाचा

मनातल्या मनात वाचून चालणार नाही. मोठ्याने वाचलं की कळतं की कवितेला स्वतःची लय आहे, संगीतकाराने ती लय कुठे पाळली आणि कुठे थांबवून धरली.

अडणारे शब्द येतील. ‘आणिक’, ‘अवचित’, ‘नयनी’, ‘जागुनि’. हे काही अवघड शब्द नव्हेत, कवितेतली मराठी आहे. ‘जागुनि’ म्हणजे जागून, ‘आणिक’ म्हणजे आणि. चारपाच गाण्यांत सवय होते. ज्यांची मराठी घरापुरती आहे त्यांना मी सांगेन, हा शब्दसाठा वाढवायचा याहून गोड मार्ग मला तरी सापडलेला नाही.

तबकडीवर वेळ मोजका, म्हणून कवितेची काही कडवी गाळावी लागत. ‘बी’ कवींची ‘चाफा’ ही कविता लता मंगेशकरांच्या गाण्यात आपण ऐकतो त्याहून मोठी आहे. संग्रह मिळाला तर पूर्ण वाचा आणि वसंत प्रभूंनी नेमकं काय ठेवलं, काय सोडलं ते पाहा. भा. रा. तांब्यांचंही असंच. ग्वाल्हेरचे हे राजकवी आपल्या कवितांवर राग आणि ताल लिहून ठेवायचे, म्हणजे गाणं त्यांच्या डोक्यात आधीपासून होतं. ते १९४१ साली गेले. त्यानंतर ‘कळा ज्या लागल्या जीवा’ आणि ‘मधु मागशी माझ्या सख्या परी’ या त्यांच्या कविता वसंत प्रभूंच्या चालीत लताबाईंनी गायल्या. तांब्यांना ते ऐकायला मिळालं नाही, याची मला दर वेळी चुटपुट लागते.

पायरी चौथी: एकच गाणं तीनदा, तीन वेगळ्या कानांनी

हे मी एका गाण्यावर करूनच दाखवते. ‘श्रावणात घन निळा बरसला’. पाडगावकर, खळे, लता मंगेशकर.

पहिल्यांदा फक्त शब्द धरा. या गाण्यात एक ओळ आहे, ‘पाचूच्या हिरव्या माहेरी ऊन हळदीचे आले’. थांबा तिथे. पावसानंतरचं ऊन तुम्ही पाहिलेलं आहे. सगळीकडे हिरवं आणि त्यावर अचानक पडलेला पिवळा उजेड. कवीने पिवळ्यासाठी सोनं घेतलं नाही, हळद घेतली, आणि हिरव्याला माहेर केलं. क्षणात ते ऊन अंगाला हळद लागलेली मुलगी होऊन उंबऱ्यात उभं राहतं. सगळी ओळ सहा शब्दांची. हे एकदा दिसलं की पुढे कधीही श्रावणातलं ऊन बघताना ते दिसत राहतं. निदान मला दिसतं, सिंहगडाच्या वाटेवर दर वर्षी.

दुसऱ्यांदा चाल धरा. बहुतेक गाण्यांत पहिल्या अंतऱ्याची जी चाल तीच पुढच्या अंतऱ्यांची असते. कान एकदा शिकतो आणि पुढे निर्धास्त होतो. इथे खळ्यांनी तसं केलेलं नाही. अंतरे बदलतात तशा चालीही बदलतात. कवितेतल्या ओळींची लांबी आणि वजन एकसारखंच आहे, तरीही. प्रत्येक अंतऱ्याच्या सुरुवातीला हात वर करा आणि आवाज वर जातोय की खालून येतोय ते बोटाने हवेत काढा. हसू नका, लहान मुलांना असंच शिकवतात आणि मोठ्यांनाही ते लागू पडतं. आणि मग ऐका की इतकं हिंडून प्रत्येक वेळी गाणं ध्रुवपदावर, म्हणजे सुरुवातीच्या ओळीवर, परत कसं येतं. सांधा कुठे आहे ते सापडत नाही. मी अजून शोधते आहे.

तिसऱ्यांदा आवाज आणि वाद्यं. श्वास कुठे घेतलाय? शब्द मध्येच तुटलाय का? चांगला भावगीत गायक श्वासासाठी शब्द मोडत नाही. दोन कडव्यांमधल्या जागेत काय वाजतं? बासरी, सतार, व्हायोलिन. या जागा भरणारा माणूस म्हणजे संगीत संयोजक. गाणं सांगताना त्याचं नाव क्वचितच घेतलं जातं. अनिल मोहिले हे त्यांतलं एक मोठं नाव, तेवढं आत्ताच टिपून ठेवा.

तीनदा ऐकायला दहा-पंधरा मिनिटं लागतात. आठवड्यात एवढा वेळ निघतो.

पायरी पाचवी: गायकामागे न जाता संगीतकारामागे जा

पाचसहा गाणी झाली की साहजिकच आवडता आवाज ठरतो आणि मग आपण त्याच आवाजाचं पुढचं, त्याच्या पुढचं असं ऐकत सुटतो. वाईट काही नाही, पण त्यात गाणं बनतं कसं हे कळत नाही. त्यासाठी एक प्रयोग करा. लता मंगेशकरांचाच आवाज, तीन वेगळे संगीतकार.

‘कल्पवृक्ष कन्येसाठी’. शब्द पी. सावळारामांचे, संगीत वसंत प्रभूंचं. साधी, सरळ, लगेच ओठांवर बसणारी चाल. वडील गेल्यानंतरचं मुलीचं मनोगत, आणि गाणाऱ्या बाईचे वडील मास्टर दीनानाथ १९४२ साली गेलेले, हे ठाऊक असलं की आवाजातला आवंढा वेगळा ऐकू येतो. मग वरचं ‘श्रावणात घन निळा’. आणि मग ‘मालवून टाक दीप’, सुरेश भटांची गझल, हृदयनाथ मंगेशकरांची चाल. तीच गायिका, पण पहिल्यात लेक आहे, दुसऱ्यात भिजलेली सृष्टी, तिसऱ्यात रात्रीची कुजबुज. आवाज तोच असूनही खोली बदलल्यासारखी वाटते. खोली बांधणारा संगीतकार असतो, तो असा कळतो.

हाच प्रयोग सुमन कल्याणपूर यांच्यावर करा. दशरथ पुजारींचं ‘केशवा माधवा’ आणि अशोक पत्कींचं ‘केतकीच्या बनी’ पाठोपाठ लावा. मी जास्त सांगत नाही.

पायरी सहावी: गीतरामायण, पण घाई न करता

तीनेक महिने झाले की इथे या, आधी नको. १ एप्रिल १९५५, शुक्रवार, रामनवमी. पुणे आकाशवाणी केंद्र सुरू होऊन दोन वर्षंही झाली नव्हती. त्या दिवशी पहिलं गीत लागलं आणि पुढे वर्षभर दर आठवड्याला एक, अशी ५६ गीतं झाली. शब्द गदिमांचे, म्हणजे ग. दि. माडगूळकरांचे, संगीत सुधीर फडक्यांचं, कल्पना आकाशवाणीवरच्या सीताकांत लाडांची. म्हणजे दर आठवड्याला नवं गीत लिहायचं, चाल लावायची, बसवायचं आणि प्रसारित करायचं. एवढा पल्ला त्यांनी न थकता गाठला.

आज सगळं एका दमात ऐकता येतं. पण ते आठवड्याला एक असं लोकांपर्यंत आलं होतं, तसंच ऐकून पाहा. मी तसं ऐकलं. वनवासाचा भाग सुरू झाला तेव्हा बाहेर जुलैचा पाऊस होता, आणि पुढच्या शुक्रवारची वाट पाहणं म्हणजे काय हे मला पहिल्यांदा कळलं.

बाबूजींनी, म्हणजे सुधीर फडक्यांनी, पुढे ही सगळी गीतं एकट्याने, कार्यक्रमांतून आयुष्यभर गायली आणि बहुतेकांच्या कानांत तीच बसली आहेत. मूळ रेडिओवर मात्र वेगवेगळ्या पात्रांना वेगवेगळे गायक होते. माणिक वर्मा, वसंतराव देशपांडे यांच्यासारखे. पहिल्याच गीताची रचना बघा. लव-कुश रामापुढे रामाचीच कथा गात आहेत आणि राम ती ऐकतो आहे. गाणं सुरू होतं तेच ऐकणाऱ्यापासून. चाल भूप रागातली, पाच स्वरांची. राग ओळखता येत नसेल तर चिंता नको. पेटी किंवा की-बोर्ड असेल तर हे गाणं वाजवत बघा, किती थोडे स्वर लागतात ते बोटांनाच कळेल.

कंटाळा आला तर

येईल. भावगीतांत सामान्य गाणीही भरपूर आहेत. चंद्र, चांदणं, सखी, साजण एवढ्या चार खुंट्यांवर टांगलेली. जुनं आहे म्हणून आवडायलाच हवं असं कुणी म्हणालं तर ऐकू नका. एक गाणं तीनदा ऐकून, शब्द वाचूनही आत शिरलं नाही तर खुशाल पुढे जा. काही गाणी वय मागतात. कवी अनिलांचं ‘अजुनी रुसुनी आहे’, कुमार गंधर्वांच्या आवाजातलं, मला तिशीपर्यंत अजिबात कळलं नव्हतं. एका भांडणानंतर, घरात दोन दिवस अबोला असताना कळलं.

काही गाण्यांतले विचार आज खटकतात. सासरी निघालेल्या लेकीचं रडणं, पतीच्या चरणांशी ठेवलेलं सुख. खटकू द्या. मावशीला मी एकदा याबद्दल छेडलं तर ती म्हणाली, “अगं, तेव्हा रडायला तेवढंच गाणं होतं.” त्या उत्तरानंतर मी ती गाणी वेगळ्या तऱ्हेने ऐकते.

तबकड्या घ्यायचा मोह झाला तर थोडं थांबा. पुण्याच्या जुन्या बाजारात बुधवारी आणि रविवारी, मुंबईच्या चोरबाजारात एरवीही, त्या मिळतात आणि हातात घेतल्यावर सोडवत नाहीत. पण ७८ च्या तबकडीची खाच रुंद असते, तिला एलपीची सुई चालत नाही. आणि ती लाखेची असते, हातातून पडली की तुकडे. आधी वाजवायची सोय बघा, मग खरेदी.

शेवटची पायरी: वही

एक साधी वही घ्या. दर आठवड्याचं गाणं त्यात हाताने लिहा. ऐकत ऐकत, न थांबवता, एका दमात. संकेतस्थळावरून उतरवू नका. हात मागे पडेल, शब्द निसटतील. तिथे टिंबं काढा आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा लावून भरा. वर कवी, संगीतकार, गायक, आणि ते गाणं तुम्हाला कुणी सांगितलं त्याचं नाव लिहा.

मावशीच्या वहीत बहात्तराव्या पानावर एका गाण्याचा तिसरा अंतरा अजून टिंबांचाच आहे. ते गाणं रेडिओवर पुन्हा तिच्या कानांवर पडलंच नाही. मी शोधून काढलं आणि गेल्या दिवाळीत तिच्यासमोर लावलं. तिने मला शब्द सांगू दिले नाहीत. चष्मा लावला, पेन मागितलं आणि म्हणाली, “पहिल्यापासून लाव.”